शेजारच्या खाटेची पिशवी

दुर्गाकाकींचं नाव आधी लिहिते. त्या रामपायलीच्या. आमच्या नात्याच्या नाहीत, गावच्याही नाहीत. बालाघाटच्या दवाखान्यात त्यांचा नवरा आणि माझा नवरा शेजारशेजारच्या खाटांवर होते, एवढीच ओळख. आज माझा माणूस घरात चालतो-फिरतो त्यात डॉक्टरांचा हात आहे, नर्सताईंचा आहे, आणि काकींचा आहे. आणि त्याच दिवसांत मी काकींवर जळत होते. हेही लिहिते, कारण आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला असं होतं आणि कोणी बोलत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातली, आर्वीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवरा बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत ठेकेदाराची गाडी चालवतो, म्हणून लग्नानंतर इतक्या लांब आले. इकडे राज्यच दुसरं, दवाखान्याचा सगळा कारभार हिंदीत. मला हिंदी समजते, पण मराठीतून समजते. तिथंच माझी फजिती झाली.

ह्यांच्या पोटात कळ निघाली ती पाठीत गेली. उलट्या थांबेनात. आम्ही गॅस समजलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्त पाहून सांगितलं, पॅन्क्रियाटायटिस. म्हणजे जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, त्याला सूज. पित्ताच्या पिशवीतला खडा सरकून नळीत अडकला होता. सूज इतकी की बघता बघता श्वास कमी पडला आणि ह्यांना व्हेंटिलेटर लावला. घशात नळी, आणि मशीन श्वास देते.

मग पोट फुगलं. ढोलकीसारखं कडक, वर हात ठेवला तर दबत नव्हतं. नर्सताई लघवीच्या नळीला काहीतरी जोडून पुन्हा पुन्हा मोजायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पेट का प्रेशर." मला प्रेशर म्हणजे कुकरचं नाहीतर बीपीचं. त्यांनी न चिडता समजावलं. मूत्राशय पोटातच असतं. पेशंटला सपाट झोपवून नळीतून थोडं सलाइन सोडायचं आणि तिथला दाब मोजायचा, तोच पोटाचा दाब. ह्याला म्हणतात इंट्रा-अॅब्डॉमिनल प्रेशर. तो वाढला की किडनीला रक्त पुरत नाही, लघवी थांबते. फुप्फुसं खालून दाबली जातात, मग मशीनलाही श्वास ढकलायला जोर लागतो.

"चेहरा मत देखो," ताई म्हणाल्या. "यूरिन की थैली देखो."

तेव्हापासून मी पिशवी पाहायला लागले. खाटेच्या कडेला लटकलेली आमची पिशवी रिकामी. आणि शेजारच्या खाटेची भरत चाललेली.

ती दुर्गाकाकींच्या नवऱ्याची. काकांना लिव्हरचा आजार, पोटात पाणी झालं होतं, त्यांचंही प्रेशर वाढलेलं, तेही मशीनवर. डॉक्टरांनी पोटात बारीक नळी घालून पाणी काढलं, पोट खाली बसलं आणि लघवी सुरू झाली. हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. मला कोणाच्या सोन्याचा कधी हेवा वाटला नाही, पण त्या पिशवीचा वाटला. भेटायच्या वेळेत ह्यांच्या उशाशी उभी राहायचे आणि डोळे तिकडं.

बरं, नुसती पिशवी नाही. काकींकडं माणसं किती! दीर, जावा, भाचे, मोटरसायकली भरून यायचे. व्हरांड्यातली सगळी बाकं त्यांची. माझ्याकडं एक फोन, त्यात आई. काकी माझ्यासाठी डबा आणायच्या, मी भूक नाही म्हणून परत करायचे.

"जेव वं पोरी," काकी म्हणायच्या. "तू अशी वाळत गेली तं उठल्यावर तुह्या नवऱ्याले बायको ओळखू नाही येनार."

भाचे हसायचे. मला त्या हसण्याचाही राग यायचा. त्यांचा माणूस सुधरून राह्यला, म्हणून हसू येते, असं मनात यायचं.

ह्यांच्यासाठीही सगळं करून पाहिलं. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं, खालून नळी घालून आतडी. सलाइन हिशोबानं कमी केलं. झोपेचं औषध होतंच, वर पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून आणखी एक. सुईनं पाणी काढायलाही गेले. थोडंसंच निघालं. डॉक्टर म्हणाले, "इनका पानी कम है, सूजन ज़्यादा." काकांचं निघते अन् आमचंच काहून नाही, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मग एका सकाळी डॉक्टर बाहेर आले. "पेट खुला छोड़ना पड़ेगा. सर्जन गोंदिया से आ रहे हैं. आपकी मंज़ूरी चाहिए."

आता आमच्या घरी रोज सकाळी म्हाताऱ्यांना एकच प्रश्न असतो, पोट मोकळं झालं का? पोट खुललं की माणूस बरा. मी तेच ऐकलं. मान हलवली, हौ म्हटलं. आईला फोन लावला, "आई, आज ह्यांचं पोट मोकळं करनार आहेत!"

"एनिमा देऊन राह्यले का?"

"हौ, तसंच काही. मोठे डॉक्टर येऊन राह्यले त्यासाठी."

आईनं तिकडं देवाजवळ दिवा लावला. मी ताठ मानेनं काकींच्या बाकाकडं गेले. पहिल्यांदाच माझ्याकडं सांगण्यासारखं काही होतं.

"काकी, आमचंबी पोट मोकळं होनार आज."

"बरं झालं वं! कोन म्हनलं?"

"डॉक्टर. खुला छोड़ना पड़ेगा म्हने."

काकींचा हात डब्यावरच थांबला. त्यांनी मला खाली बसवलं.

"पोरी, ते मोकळं नाही. उघडं."

"म्हंजे?"

त्यांनी आपल्या लुगड्यावरून छातीच्या खालून बेंबीच्या खालपर्यंत बोट ओढलं. "इथून इथलोक कापतेत, अन् शिवत नाहीत. आमालेबी सांगतलं होतं, पानी नाही निघालं तं असं करा लागन."

काकींनीच हाताला धरून मला डॉक्टरांसमोर उभं केलं. "साहब, इसको फिर से समझाओ. हाथ से दिखा के."

डॉक्टर थकलेले होते, पण खुर्ची ओढून बसले. म्हणाले, गलती मेरी है, मुझे लगा आप समझ गईं. मग सावकाश सांगितलं. ऑपरेशनचं नाव डीकम्प्रेसिव्ह लॅपरोटॉमी. पोट उघडून आतल्या सुजेला जागा करून द्यायची. आतड्यांवर निर्जंतुक प्लास्टिक लावायचं. सूज उतरली की पोट बंद करायचं. जिवाला धोका आहे. मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाले, फिर बचना मुश्किल है.

मी करा म्हटलं. ह्या वेळी समजून.

रक्त लागणार होतं. माझं इथं कोण? काकी व्हरांड्यात गेल्या. "ए, कोन कोन नुसते बसून राह्यले रे? उठा."

एक भाचा म्हणाला, "मामी, मी आज कमीच जेवलो."

"तुह्या अंगात रक्ताची कमी हाय का बोलन्याची? चाल!"

ज्या गर्दीचा मला राग होता, ती सगळी गर्दी बाकांवरून उठली.

सर्जननी वाटेतला राजेगावचा पूल ओलांडल्याचा फोन आला तेव्हा मी आणि काकी एकाच बाकावर होतो. ऑपरेशन झाल्यावर मला आत बोलावलं. प्लास्टिकखाली आतडी दिसत होती. मी खाटेचा दांडा धरला. नर्सताईंनी पिशवी वर उचलून दाखवली. तळाशी पिवळं होतं. मी लघवी पाहून रडले.

पुढं प्रेशर उतरलं, सूज ओसरत गेली, पोट टप्प्याटप्प्यानं बंद केलं, मशीन सुटली. आमची पिशवी भरत होती, आणि शेजारची रिकामी राहायला लागली. काकांना ताप भरला. पाणी परत साचलं, त्यात इन्फेक्शन. आता मी तिकडं पाहायचं टाळत होते. एका दुपारी काका गेले.

निघण्याआधी काकी आमच्या खाटेशी आल्या. ह्यांच्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं बराच वेळ.

"मले तुहा हेवा वाटून राह्यला वं," म्हणाल्या. "खोटं काहून बोलू."

"मलेबी वाटत होता, काकी. पह्यल्या दिवसापासून."

"मले का समजत नव्हतं? डबा वापस करे तवाच समजलं."

"तरी आनत होत्या?"

"भूक तं लागतच होती न तुले."

तुमच्या घरचं कोणी मशीनवर असेल आणि पोट फुगलं असेल, तर डॉक्टरांना पोटाचं प्रेशर विचारा. पिशवीकडं लक्ष ठेवा. मंजुरी देण्याआधी आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत त्यांना उलट सांगून पाहा. लाजू नका. आणि शेजारच्या खाटेचा हेवा वाटला तर वाटू द्या, पण त्यांचा डबा परत करू नका.

ह्यांच्या पोटावर आता लांब व्रण आहे, तिथं थोडा फुगवटा राहिला आहे. पट्टा बांधतात, जड उचलत नाहीत. पण उठून स्वतःच्या हातानं पाणी घेतात, आणि मी पाहत बसते.

काकींना फोन करते. परवा म्हणाल्या, धानाच्या रोवण्याला आता घरात माणूस कमी पडेल. मी कापसाच्या मुलखातली, चिखलात उभं राहून कधी धान लावलं नाही. येते म्हटलं तर हसल्या. "तुही ओळ वाकडीच येईन."

येऊ दे. काकी, हे नीट सावरले की मी तुमच्या धानाच्या बांधीत उतरेन, आणि तुम्ही म्हणाल तोवर दर रोवण्याला येईन. डबा मी आणेन.