अर्धी गाडी त्याची होती

ती गाडी माझी होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पुण्यातल्या नातेवाइकांना, ऑफिसात, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. कागदावर माझं एकट्याचं नाव होतं, तेवढं खरं. पण अर्धी गाडी त्याची होती, आणि शोधली, तपासली, निवडली ती पूर्णपणे त्यानेच. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

तुआसपर्यंत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पोचायच्या आधीची गोष्ट. आमची कंपनी तिकडे, पश्चिमेच्या टोकाला हलली आणि आम्ही दोघंही राहायला उत्तरेत वुडलँड्सला. सिंगापूर नकाशावर नखाएवढं असलं तरी ट्रेन, मग बस, मग पुन्हा बस असं करत जाताना ते चांगलंच मोठं होतं. तो माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, माझ्याच विभागात, समोरच्या ब्लॉकमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहायचा. महिनाभर बसमध्ये लटकून झाल्यावर एके दिवशी तोच म्हणाला, "दोघांत एक जुनी गाडी घेऊ. एकट्याला परवडणार नाही, पण अर्धी परवडेल."

इथे गाडीबरोबर ती ठेवण्याचा सरकारी परवाना लागतो. त्याला सगळे सीओई म्हणतात. तो दहा वर्षांचा असतो, आणि संपला की पुन्हा तेवढाच खर्च करा नाहीतर गाडी भंगारात. म्हणून अडीच-तीन वर्षं उरलेल्या गाड्या स्वस्त मिळतात. त्यातही जपानी गाड्यांवर उड्या पडतात. अमेरिकन छोट्या गाड्यांना इथे कोणी विचारत नाही.

"तीच घ्यायची," तो म्हणाला. "जिला कोणी विचारत नाही ती नीट बघून घेतली की आपली चैन."

त्याचे वडील नगरजवळ ट्रकच्या गॅरेजात फिटर होते. ते शिक्षण त्याच्या हातात होतं. गाडी बघायला गेलो तेव्हा विक्रेत्याने हात पुढे केला, तर याने हात मिळवायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवला. मला म्हणाला, "आधी चालवून गरम करून ठेवलीय का बघतो. थंड इंजिन खोटं बोलत नाही." मग ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि दहा मिनिटं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहिला. वर्तमानपत्र कोरडं निघालं. विक्रेता, एक चिनी काका, कंटाळून म्हणाला, "अमेरिकन कार, नोबडी वाँट, ला. बट व्हेरी सॉलिड." मी आपला चंदेरी रंगावर खूश. अमेरिकेचा व्हिसा मला दोनदा नाकारला होता, आणि आता घरच्या ग्रुपवर फोटो टाकून 'अमेरिकन गाडी घेतली' असं लिहिणार म्हणून मी त्याला सांगूनही टाकलं होतं. याने दार उघडून आतली, गाडी कुठे बनली ते लिहिलेली पट्टी वाचली आणि हसायला लागला.

"बारसं अमेरिकेत झालंय, जन्म कोरियाचा आहे. ग्रुपवर टाकू नकोस हे."

मी ते टाकलं नाही.

नोंदणी एकाच्याच नावावर होते. मी पर्मनंट रेसिडेंट, त्याचा नोकरीचा पास तेव्हा नूतनीकरणाला गेलेला. "तुझ्याच नावावर घे," तो म्हणाला. त्याला त्यात काही वाटलं नाही. मलाही काही वाटलं नाही, आणि आता माझ्या त्या न वाटण्याचाच राग येतो.

त्याच आठवड्यात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे गाडीचं तिला फार कौतुक. पूजा झाल्याशिवाय कोणी बसायचं नाही म्हणाली. ब्लॉकखालच्या पार्किंगमध्ये तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला आणि चाकांखाली लिंबं ठेवायला मला वाकायला लावलं. तो बाजूला हात बांधून उभा. हळूच मला म्हणाला, "डावी दोन चाकं माझी. माझ्या चाकांखाली नको रे लिंबं, फुकट सरबत जाईल."

"गप. आई बघतेय."

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"काही नाही काकू, सरबताचं बोलतोय."

आईला तो आवडला. संध्याकाळी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना तिने विचारलं, "मुलगा चांगला आहे हो. आडनाव काय त्याचं?"

आमच्या घरात जात कधी काढली नाही, असं आम्ही अभिमानाने सांगतो. काढायची गरजच पडली नाही. आडनाव विचारलं की भागत होतं. तो बौद्ध. त्याचं आडनाव असं, की ऐकणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. आई चाळीस वर्षं शाळेत शिक्षिका होती, तिने हजेरीपटावर सगळी आडनावं वाचली होती.

मी त्याच्या आडनावातलं एक अक्षर बदलून सांगितलं.

ठरवून नाही, असं लिहिणार होतो. खोडतो. चहा गॅसवर होता, आईने मान वर केली, आणि ती मान पुन्हा खाली कोथिंबिरीकडे जावी एवढ्याचसाठी मी ते केलं. दोन सेकंद मला विचार करायला मिळाले होते. त्या दोन सेकंदांत मी दुसरं अक्षर शोधलं, सापडलं, लावलं. आईची मान खाली गेली. "असं होय," म्हणाली.

बायको शेजारीच पोळ्या लाटत होती. आई बाहेर गेल्यावर तिने लाटणं थांबवलं. "हे कोणाचं आडनाव सांगितलंस?"

"जाऊ दे ना. तीन महिन्यांचा प्रश्न आहे."

"जातीचा प्रश्न त्यांनी कुठे विचारला? उत्तर तूच देऊन मोकळा झालास."

मी तिच्यावर खेकसलो. पोळी करपतेय म्हणालो. पोळी करपत नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे चांगीच्या बाजूला समुद्रावर निघालो. तो चालवत होता, मी शेजारी, मागे आई, बायको आणि मुलगी. गाडी सुरेख चालत होती. आईने मागून हाक मारली. मी दिलेल्या आडनावाने, हजेरी घेताना घ्यायची तसं स्पष्ट. "अहो, या आडनावाचे एक सर होते आमच्या शाळेत. गणिताचे. तुमचे कोणी लागतात का?"

सिग्नल लाल होता. त्याने आधी आरशात आईकडे पाहिलं. तिला ऐकायला चुकलं असेल असं त्याला वाटलं असणार. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर एका बसस्टॉपकडे बघत होतो. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला.

"नाही काकू," तो म्हणाला. "ते माझे कोणी नव्हेत."

"मग मूळ गाव कुठलं तुमचं?"

त्याने गाव खरं सांगितलं. आई त्या गावाला कधी गेली होती त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

किनाऱ्याजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, आईला शहाळं आणून दिलं आणि आम्ही दोघं चहाच्या रांगेत उभे राहिलो. तो समोर दरफलकाकडे बघतच बोलला.

"काय सांगितलंयस घरी?"

"अरे, आईचं वय झालंय. तू समजून घे ना."

"मी समजून घेऊ?" तो हसला. मला ते हसणं आजही ऐकवत नाही. "काकू काही म्हणाल्या का माझ्या आडनावावर?"

"नाही रे. तिला सांगितलंच नाही मी."

"म्हणजे त्या काही म्हणायच्या आधीच तू म्हणून टाकलंस."

"एक अक्षर तर बदललंय."

तेव्हा मात्र तो वळला. "शाळेत घालताना मास्तरांनी माझ्या बापाला सांगितलं होतं, आडनाव बदलून लावा, पोराला पुढे सोपं जाईल. त्याने नाही बदललं. ग्रीस लागलेल्या हाताने त्याने फॉर्म भरला. आणि तू चहा उकळेपर्यंत बदलून मोकळा."

पुढच्या बाईंचा चहा आला. आमचा नंबर आला. त्याने दोन तेह सांगितले, म्हणजे दुधाचा चहा, माझ्यातली साखर कमी. सवयीने.

"ऐक," कप माझ्या हातात देत म्हणाला. "मी सांगणार नाही. मी आयुष्यभर सांगत आलोय, समोरच्याचं तोंड बघत. या वेळी तू सांग. घरी पोचायच्या आत. माझ्यासमोर."

"सांगतो," मी म्हणालो.

परतीचा रस्ता पाऊण तासाचा. आई दोनदा त्याला त्या आडनावाने बोलली. एकदा एसी कमी करा म्हणून, एकदा गाडी किती छान चालवता म्हणून. दोन्ही वेळा तोंड उघडायला जागा होती. एसी त्याने कमी केला. मी शब्द जुळवत होतो: आई, अगं माझी एक गंमत झाली. आई, मी चुकून. गंमत! चुकून! एकही वाक्य असं सापडेना ज्यात मी बरा दिसेन. ते सापडायची वाट बघत मी वुडलँड्सपर्यंत आलो.

पार्किंगमध्ये सगळे उतरले. आई लिफ्टकडे गेली. त्याने त्याच्याकडची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "गिअरचं ऑइल वेळेवर बदल, नाहीतर धक्के देईल."

सोमवारी सकाळी नेहमीच्या खांबापाशी मी पंधरा मिनिटं थांबलो. मग फोन केला. "बसमध्ये आहे," म्हणाला आणि ठेवला. मी एकटा निघालो, आणि तुआस येईपर्यंत एक्स्प्रेसवेवर खिडक्या बंद करून त्याला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. एवढा ताठा! एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ! यांचं हे असंच असतं! हे शेवटचं वाक्य मी म्हणालो. 'यांचं.' कोणी ऐकलं नाही, पण म्हणालो. जे आईच्या तोंडी येईल म्हणून मी घाबरत होतो, ते माझ्या तोंडात तयार होतं.

त्याचे पैसे मी त्याच आठवड्यात पाठवले. 'मिळाले' असा निरोप आला. ऑफिसात तो मला 'सर' म्हणायला लागला, चारचौघांत, अतिशय नम्रपणे. वर्षभराने त्याने नोकरी सोडली आणि विद्यापीठात संशोधनाला लागून क्लेमेंटीला राहायला गेला.

गाडी मी परवाना संपेपर्यंत वापरली. मग भंगारात दिली.

पण ते आडनाव संपेना. आई पुण्याला परत गेली तरी फोनवर विचारायची, "ते तुझे मित्र कसे आहेत?" आणि पुढे ते आडनाव. मी म्हणायचो, बरे आहेत. त्यांना बढती मिळाली का? मिळाली. लग्न झालं का? झालं. त्याचं लग्न खरंच झालं होतं, मला दुसऱ्या कोणाकडून कळलं, आमंत्रण नव्हतं. आईला मी सांगितलं, मी जाऊन आलो.

"आहेर काय केलास?"

"चांदीची वाटी."

"छान केलंस. गुणी मुलगा आहे."

अशी सहा वर्षं मी एका माणसाला जगवलं, जो कधी नव्हताच. जो होता त्याला एकदाही फोन केला नाही. आणि याला मी आईची काळजी म्हणत होतो! आईने खरं आडनाव ऐकलं असतं तर काय केलं असतं? मला माहीत नाही. कदाचित कप वेगळा ठेवला असता. कदाचित "असं होय" एवढंच म्हणून कोथिंबीर निवडत राहिली असती. मी तिला न विचारता तिच्यावर आरोप ठेवला आणि तिच्या नावाखाली माझी भीती खपवली. गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या आजारातही तिने एकदा त्याची चौकशी केली होती. तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणालो, "बरे आहेत, तुला नमस्कार सांगितलाय."

हे लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं, की निदान इथे त्याचं आडनाव पूर्ण लिहायचं. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. म्हणून इतक्या वर्षांनी त्याला निरोप पाठवला. काय लिहितोय ते सांगितलं, आईचं सांगितलं, माफी मागितली, आणि विचारलं, तुझं खरं आडनाव छापू का?

दोन दिवसांनी उत्तर आलं.

"काकू गेल्याचं वाईट वाटलं. माझं आडनाव नको. तुझं छाप. वाचणाऱ्यांना कळू दे, हे कोण करतं ते."

तेव्हापासून हे पान माझ्यापुढे आहे. वर कुठेही माझं आडनाव नाही. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.