रिकाम्या कपाटांची बातमी

खरं सांगते, मला सगळ्यात जास्त राग यायचा तो तिच्या तोरण्याचा.

ती म्हणजे वेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावात वाचनालय चालवणारी बाई. मी शिवऱ्याजवळ, हायवेला लागून असलेल्या आमच्या गावातलं वाचनालय चालवते. काम दोघींचं एकच. संध्याकाळी कुलूप उघडायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, उंदरांवर नजर ठेवायची. पण तिच्या दारात उभं राहून फोटो काढला की मागे आख्खा तोरणा येतो, त्यावर ढगबिग असतात. माझ्या दारात काढला की पेट्रोल पंप येतो आणि टायरच्या दुकानाची पाटी. आता यात तिचं कर्तृत्व काय? किल्ला काय तिने बांधलाय? पण पेपरवाल्यांना हे कोण सांगणार!

भोर आणि वेल्हे, आमच्या दोन्ही तालुक्यांना मिळून पेपरचा वार्ताहर एकच. भोरला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, ते सांभाळून तो बातम्या पाठवतो. बातमी आपणच लिहून द्यायची, ही इथली रीत. ‘मोठ्या उत्साहात’ हे शब्द घालायचे, पाहुण्यांची नावं ओळीने द्यायची आणि शेवटी आभार कुणी मानले ते लिहायचं. मी अशी पत्रकं नेमाने पाठवायचे. छापून यायचं ते एवढंसं, बैलगाडा शर्यतीच्या निकालाखाली. त्यातही पाहुण्यांची नावं पूर्ण आणि वाचनालयाचं अर्धं.

तिच्याकडे मात्र हा स्वतः मोटारसायकल काढून जायचा. भाताच्या लावणीला आलेल्या बायांना ती बांधावर बसून गोष्टी वाचून दाखवते, अशी एकदा पानभर बातमी लागली. बाया चिखलात कमरेत वाकलेल्या, ही छत्रीखाली पुस्तक घेऊन बसलेली, आणि कौतुक कुणाचं? हिचं. मी तो पेपर भाजीच्या देठांसाठी वापरला. मग ती कात्रणाचा फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवायची. आपण बघितलं की तिला आपलं नाव दिसणार, म्हणून मी नवऱ्याच्या मोबाईलवरून बघायचे. तो म्हणायचा, “एवढं पोटात दुखतंय तर बघतेस कशाला?” बघितलं नाही तर जास्त दुखायचं, हे त्याला कसं कळणार.

एरवी हे सगळं मी मनातल्या मनात जळून सोडून दिलं असतं. पण त्या वर्षी आमची खोलीच जायची वेळ आली. वाचनालय ग्रामपंचायतीच्या इमारतीत, खालच्या खोलीत. उपसरपंचांना त्या खोलीत व्यायामशाळा करायची होती. पोरांनी मागणी केली होती आणि निवडणूक जवळ आली होती. ते मला म्हणाले, “वहिनी, रागावू नका, पण तितं येतंय कोण? तुमी आन तुमची कपाटं.” पुढच्या ग्रामसभेत विषय घेणार, असंही सांगून गेले. दुसरी खोली गावात नव्हती. खोली गेली की पुस्तकं गोणीत आणि मी घरी, हे उघड होतं. वाचनालयाची एक चांगली, मोठी, फोटोसकट बातमी लागली तर ग्रामसभेत कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची बातमी आली. फोटोत ती, आणि तिच्यामागे लोखंडी कपाटं, दारं सताड उघडी, आत एकही पुस्तक नाही. मथळा होता, ‘कपाटे रिकामी, कारण गाव वाचतंय!’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच दिवशी एसटीने भोर गाठलं आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन वार्ताहराला म्हटलं, “आमच्याकडे एकदा या. पुस्तकं काय असतात ते दाखवते तुम्हाला.” तो म्हणाला, “येतो की मॅडम, गुरुवारी.”

मग मी जे केलं ते चिडून केलं. तिची कपाटं रिकामी ना, माझी ठासून भरलेली दिसली पाहिजेत, एवढंच डोळ्यांपुढे होतं. गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘पेपरवाले येणार आहेत, सर्वांनी पुस्तके तातडीने जमा करावीत.’ जमा झाली नाहीत ती दारोदार फिरून आणली. उपसरपंचांची एक म्हातारी चुलती आहे. नवरा गेल्यावर तिने वाचायचं वेड घेतलं. ती जाडजूड कादंबरी मांडीवर घेऊन पडवीत बसली होती. म्हणाली, “आत्ताशी तिच्या नवऱ्याचा पत्ता लागतोय गं. शनवारपतुर ऱ्हाऊ दे की.” मी म्हटलं, “आत्या, फोटो झाला की लगेच देते,” आणि तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. विषयवार लावली तर वरखाली दिसतात, म्हणून उंचीप्रमाणे लावली. शेतीची पुस्तकं आरत्यांशेजारी गेली आणि स्वयंपाकाची कायद्याशेजारी. पण काय दिसत होती कपाटं! मी दारात उभी राहून पुन्हा पुन्हा बघत होते.

गुरुवारी वार्ताहर आला. भर दुपार, लोक रानात. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, “वाचक?” मी म्हटलं, “संध्याकाळी येतात.” त्याने कपाटातलं एक पुस्तक ओढायला बघितलं. एवढं गच्च बसवलं होतं की निघेना. मग मला कपाटाशेजारी उभं केलं, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हणाला, “हसा.” मी हसले.

रविवारी बातमी लागली. अर्धं पान. मथळा, ‘कपाटे भरलेली, वाचक हरवले!’ आत लिहिलं होतं की पुस्तकांना हात लागल्याच्या खुणा नाहीत, कव्हरं कोरी करकरीत आहेत. शेजारच्या चौकटीत, तुलनेसाठी म्हणून, वेल्ह्याच्या बाईंचा जुना फोटो पुन्हा छापला होता. आणि मी तिथे, किल्ल्या हातात घेऊन, दात दाखवत. उपसरपंचांनी ते पान गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली नुसते हात जोडलेले. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही आणि वाचनालयाचं कुलूप तर ग्रामसभेपर्यंत उघडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिचाच! “ताई, मनाला लावून घेऊ नका हो,” ती म्हणाली. “अहो, आमची कपाटं तरी लोक वाचत होते म्हणून का रिकामी होती? छप्पर गळायला लागलं, म्हणून पुस्तकं गोण्यांत भरून शाळेत नेऊन ठेवली होती. तेवढ्यात हे आले आणि फोटो काढला. मी सांगतेय, पण ऐकतो कोण? लिहून मोकळे.” आणि ती खळखळून हसली. मला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, सापडली! मग लक्षात आलं की छप्पर गळलं तरी हिचं कौतुक होतं, आणि मी राबराब राबून कपाटं भरली तर माझं गोदाम होतं. तिच्या नशिबाचा असा हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. त्यात तिने आपणहून फोन केला, म्हणजे मनाने चांगली असण्यातही माझ्यापुढेच.

ग्रामसभा भरली. उपसरपंचांनी पेपर उंच धरला. “म्या न्हाई म्हणत, पेपरच म्हणतोय. एकबी मानूस वाचत न्हाई. मंग पोरांना खोली दिली तर बिघडलं कुठं?” मी बोलायला उठतच होते. तेवढ्यात बायांमधून त्यांची चुलती उठली. तिला व्यायामशाळेशी काही घेणंदेणं नव्हतं. ती माझ्याकडे बघून भांडायलाच लागली. “फोटू झाला, पेपरात आला, आता माजं पुस्तक कवा देनार हायेस? नवरा घावला का न्हाई तिचा, कळंना झालंय मला. झोप लागंना.” लोक हसले. मागून एकजण म्हणाला, “माजंबी नेलंय, कुक्कुटपालनाचं.” एक मुलगी म्हणाली, “माझं परीक्षेचं आहे, काकू.” मग एकेक करून उठतच राहिले. सगळे माझ्यावर चिडलेले आणि सगळ्यांना आपापलं पुस्तक हवं होतं. उपसरपंचांनी पेपराची घडी घातली आणि खिशात ठेवली. व्यायामशाळेला मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड मंजूर झालं. खोली आमच्याकडे राहिली.

मी आनंदाने मान वळवली ती वार्ताहर बसतो त्या कोपऱ्याकडे. खुर्ची रिकामी. शेजारी विचारलं तर कळलं, तो वेल्ह्याकडे गेलाय, बाईंचा सत्कार आहे.

तिथून सगळे थेट खोलीतच आले. उंचीप्रमाणे लावल्यामुळे कुणाला काही सापडेना. लोकांनी कव्हरं टराटरा फाडून आपापली पुस्तकं ओळखली. आत्या तर कादंबरी मिळाल्यावर तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागली. रात्र पडायच्या आत कपाटं जवळजवळ मोकळी झाली. मी दारं सताड उघडली, मधोमध आत्या येईल असा फोटो काढला आणि वार्ताहराला पाठवला. खाली सगळी हकिगत लिहिली. ‘मोठ्या उत्साहात’ हे शब्द एकदाही घातले नाहीत. त्याचं उत्तर लगेच आलं.

“मॅडम, फोटो छान. पण रिकाम्या कपाटांची बातमी वेल्ह्याची लागलीय मागेच. वेगळं काही असेल तर कळवा.”