खिडकीची बाजू

नारळ फोडला की ओल्या खोबऱ्याच्या वासासरशी मला लालबागच्या आमच्या खोलीतला तो दिवस आठवतो. मी थोरली सून. त्या एका खोलीवरून माझं नि धाकट्या जावेचं इतकं फाटलं की आमचे नवरे वकील गाठायला निघाले. तेव्हा आमच्या गावचे पंच मधे पडले. खोलीत पडदा बांधून त्यांनी निवाडा दिला. खिडकीची बाजू माझी, मोरीची तिची. खाली रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत चालला होता. पंचांनी नारळ फोडला. एकाच वाटीतलं खोबरं दोघींनी खाल्लं की कोर्टाची पायरी चढायची नाही, ही आमच्या गावची रीत.

"आता भांडाण संपला," पंच म्हणाले. मी ऐटीत खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझा हातरूण धाकटेकडे घाला."

मोरीची ओल सोसेन म्हणाल्या, पण तिकडेच! मग रोज पडद्याआडून दोघींचं हसू ऐकू यायचं. हक्काची खिडकी असून मी बाहेर कधी पाहिलंच नाही. डोळे कायम पडद्यावर.

आता त्या दोघीही नाहीत, पडदाही नाही. सगळी खोली माझी आहे. तरी खोबरं चावताना वाटतं, वर कुठेतरी त्या अजून मला वगळूनच हसत असतील.