वानखडेबाईंनी ठेवून घेतलेली बकरी

वानखडेबाई जेवणाच्या वेळी मुलींचे चेहरे कधी बघत नसत, ताटं बघत. वाशिमला आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या वॉर्डन. उंच, किडकिडीत, पदर कमरेला खोचलेला. मेसच्या दारात उभ्या राहायच्या आणि कोणाच्या ताटात काय उरलं एवढंच टिपायच्या. "तोंड खोटं बोलते, ताट नाही बोलत," असं त्यांचं म्हणणं.

माझं दुखणं त्यांनी असंच ताटावरून ओळखलं. मी किन्हीराजा गावची, घरी भाजीपाल्याचा मळा. बी.एस्सी.ला आले आणि काही दिवसांतच माझा श्वास कोंडायला लागला. वर्गात बसल्या बसल्या छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरतो असंच वाटायचं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण माझं ताट रोज अर्धं उरलेलं पाहून बाईंनी मला सरळ डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठणठणीत आहे, मन घाबरलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, पण त्रास थांबेना. शिक्षण सोडून घरी जाते, असं मी बाईंना सांगून टाकलं.

बाई मूळच्या केनवडच्या. त्यांची धाकटी बहीण अशीच कॉलेज अर्धवट टाकून घरी गेली होती आणि पुन्हा कधी परतली नव्हती. माझं बोलणं ऐकून त्यांनी मला समोर बसवलं. मग घरी असताना कधी जीव घाबरला तर काय करत होतीस, असं त्यांनी विचारलं.

मला सांगायची लाज वाटत होती. आमच्याकडे चांदी नावाची बकरी होती. तिची आई मेली तेव्हा मीच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. जीव घाबरला की मी तिच्या पोटाला डोकं टेकून बसायची. तिचं रवंथ ऐकता ऐकता माझा श्वास आपोआप संथ व्हायचा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथूनच माझ्या बाबांना फोन लावला. होस्टेलात बकरी, हे ऐकून बाबांना ती थट्टाच वाटली. तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी घरी नेता का बकरी इथं आणता, तेवढं सांगा."

भाजीच्या टेम्पोतून चांदी वाशिमला आली. मेसच्या मागे नळाजवळ बाईंनी तिला जागा दिली. लेंड्या मी झाडायच्या, आणि एकही तास बुडवायचा नाही, या दोन अटी. मी वर्गात न जाता तिच्याजवळच बसू लागले तेव्हा त्यांनी मला उठवलं. "बकरी औषध हाय तुह्यं. औषध घेऊन कामाले लागा लागते, त्याच्यापाशी बसून राहा नाही लागत."

मुलींनी आधी नाकं मुरडली. चांदीने एकीची वाळत घातलेली ओढणी खाल्ली, तिच्यावरून मोठं भांडण झालं. कोणीतरी तक्रार केली आणि एक दिवस प्राचार्य संस्थेच्या दोन सदस्यांना घेऊन आले. मला आणि बाईंना ऑफिसात बोलावलं. बकरी आजच हलवा, असं ते म्हणाले आणि तिथेच माझा श्वास अडकला. बाईंनी माझा हात धरला, त्या तिघांनाही सोबत यायला सांगितलं आणि सगळ्यांना मेसच्या मागे नेलं. मी चांदीच्या कुशीला डोकं टेकलं. ते तिघे उन्हात उभे राहिले. हळूहळू मला श्वास घेता यायला लागला.

बाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, बकरी गेली तर ही पोरगीबी जाईन. सांगा, दाखला काढू का?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, जागा स्वच्छ ठेवायला सांगितलं आणि ते निघून गेले. त्यानंतर परीक्षा जवळ आली की इतर मुलीही चांदीपाशी येऊन बसू लागल्या. ओढणीवालीसुद्धा.

बाई पुढे निवृत्त होऊन मुलाकडे अकोल्याला गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला दुसऱ्या वर्षाची एक संध्याकाळ आठवते. प्रयोगशाळेतून मैत्रिणींबरोबर बाहेर पडले, चहा झाला, गप्पांमध्ये हसून हसून पोट दुखलं. खोलीवर आल्यावर एकदम लक्षात आलं, आज दिवसभरात मी चांदीकडे फिरकलेच नव्हते. सकाळी नाही, दुपारी नाही. तशीच धावत मेसच्या मागे गेले. बाई तिच्यापुढे कोबीचा पाला टाकत होत्या. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, की बाई, मी हिला पार विसरूनच गेले.

बाईंनी हातातला पाला खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

"विसरली ना?" त्या म्हणाल्या. "मी याचीच वाट पाहून राह्यली होती."