कढईने बोट वळत नाही

आमच्या सासूबाई सिंगापुरात उतरल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी एका चिनी म्हाताऱ्याने त्यांच्यापुढे हात जोडले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "खंय मेल्लंस रे?"

सासूबाई देवगडच्या. मी पुण्याची, पण 'कुठे मेला होतास रे?' एवढं मालवणी मलाही कळलं. आता बहुधा पासिर रिस ही आमची वस्ती सोडून दुसरीकडे फ्लॅट बघावा लागणार, असं मला वाटलं. सासूबाईंनी त्या माणसाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हंयच मेल्लंय. तू कोण?"

म्हातारा इतका हसला की त्याच्या मुलाने हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवून पाणी आणलं.

ते आमचे भंडारी अंकल. आमच्या ब्लॉकखाली त्यांच्या मुलाचा कॉफीचा स्टॉल होता. स्टॉलच्या टोकाला एका स्टुलावर बसून मुलाच्या कॉफीला नावं ठेवणं हे अंकलचं काम. वय नव्वदीला टेकलेलं, दात स्वतःचे, मतंही स्वतःची. भंडारी हे आमच्या घरातलं नाव. बोटीवरच्या स्वयंपाक्याला कोकणातले खलाशी भंडारी म्हणतात, हे नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सांगितलं होतं, आणि अंकल दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. जपानी सिंगापुरात शिरायच्या आधीच ते एका इंग्रजी बोटीवर चढून निघून गेले, ते पुढची वर्षं अटलांटिकवर कांदे चिरत राहिले. एका बोटीवर इंजिनात कोळसा ओढणारे सगळे आगवाले मालवण-देवगडकडचे होते. रोज सकाळी ते एकमेकांना जे विचारायचे, तेच अंकलनी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ 'काय, बरं आहे ना?' असा आहे, असं ते शपथेवर सांगत. मला वाटतं त्यांना खरा अर्थ पहिल्यापासून ठाऊक होता.

त्यांचं बोलणं म्हणजे इंग्रजी, मलय आणि हातवारे. मी ते इथे मराठीत सांगते आहे, एवढं ध्यानात घ्यावं.

युद्धाबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. अमेरिकेकडून इंग्लंडला माल न्यायचा, तर एकट्यादुकट्या बोटीला जर्मन पाणबुड्या गाठत. म्हणून पन्नासेक बोटींचा ताफा करून, भोवती आरमाराचा पहारा ठेवून निघायचं. "आणि ताफ्याचा वेग कोणाचा? सगळ्यांत रडक्या बोटीचा," अंकल सांगत. "सगळ्यांत रडकी बोट आमची. म्हणजे हिटलर, चर्चिल सगळे आमच्या बोटीसाठी खोळंबलेले." बोटीत काय भरलं आहे ते कोणी कोणाला सांगायचं नाही असा हुकूम होता. ह्यांच्या बोटीत बरेचदा अंड्याची भुकटी आणि डबाबंद मटण असायचं. "बुडालो असतो तर माशांना डबे उघडता आले नसते," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

एकदा इथल्या कम्युनिटी क्लबने त्यांना शौर्यावर बोलायला बोलावलं. मुलाने इस्त्रीचा शर्ट घालून नेलं. आम्हीही गेलो. निवेदिकेने विचारलं, हल्ला व्हायचा तेव्हा तुम्ही काय करायचात? अंकल म्हणाले, "कांदा चिरायचो आणि रडायचो. कांद्यामुळे रडतोय की भीतीमुळे, ते कोणाला कळायचं नाही. म्हणून सांगतो, युद्धावर जायचं तर स्वयंपाकी म्हणून जावं." लोक हसले, निवेदिका पुढच्या प्रश्नाचा कागद शोधत राहिली. त्यांना पुन्हा काही कोणी बोलावलं नाही.

माझी आमटी त्यांनी एकदाच खाल्ली. तिच्यात गूळ आहे हे कळल्यावर चमचा खाली ठेवला. म्हणाले, युद्धात चमचाभर साखरेसाठी माणसं भांडायची, आणि ही बाई ती डाळीत टाकते. सासूबाईंचं माशाचं तिखलं मात्र ते वाटी पुसून खात. त्या दर वर्षी थोडे महिने यायच्या, आणि त्या आल्या की आमच्या घरातून खाली डबा जायचा. माझ्या मुलीला अंकल विचारायचे, "टुडे यू कुक ऑर ग्रँडमा?" ती इमानदारीत, इथल्यासारखा शेवटी 'लाह' लावून सांगायची, "ममी लाह." डबा न उघडता त्यांच्या मुलाकडे जायचा.

पण अंकलचं खरं नातं होतं ते टोपी अंकलशी. हे दुसरे म्हातारबुवा सिंगापूरच्या उकाड्यात लोकरीची कानटोपी घालून बसत. अटलांटिकची थंडी आपल्या अंगातून अजून गेलेली नाही, असं ते म्हणत. रोज सकाळी ते स्टॉलवर येत, ठरलेल्या खुर्चीत बसत, कॉफीचा एक घोट घेत आणि जो कोणी नवा माणूस शेजारी असेल त्याला भंडारी अंकलकडे बोट दाखवून सांगत, "मी समुद्रात बुडत होतो. हा माणूस माझ्या समोरून बोटीवरून निघून गेला. माझ्याकडे बघत."

गोष्ट खरी होती. दोघे हायनान बेटाकडचे चिनी, एकाच गल्लीतले, एकाच ताफ्यात पुढच्या-मागच्या बोटींवर. एका दुपारी टोपी अंकलच्या बोटीला जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला. ताफ्यातल्या बोटीने थांबायचं नाही, हा नियम. थांबली तर पुढचा पाणतीर तिला. मागची बोट बुडणाऱ्या माणसांना वळसा घालून तशीच पुढे गेली, आणि कठड्याशी भंडारी अंकल उभे होते. टोपी अंकलना ताफ्याच्या शेवटी येणाऱ्या बचावाच्या बोटीने वर काढलं. पुढे लिव्हरपूलला खलाशांच्या खाणावळीत ते भंडारी अंकलच्या दारात उभे राहिले, आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे एक सणसणीत थोबाडीत. दुसरी, जेवायला मागितलं.

तेव्हापासून रोज तोच आरोप, आणि रोज तेच उत्तर. "बोट काय माझ्या बापाची होती? कढईने वळवू बोट?" मग टोपी अंकल त्यांच्या कॉफीला, त्यांच्या स्वयंपाकाला, त्यांच्या खानदानाला शिव्या देत. मग दोघे दुसरी कॉफी घेत.

टोपी अंकल झोपेतच गेले. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत इथल्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधीचा मांडव उभा राहिला, टेबलं लागली. भंडारी अंकल तिथे गेले, तिथली कॉफी चाखली, थुंकली, आणि मुलाला स्टॉलवरून सगळी भांडी तिकडे हलवायला लावली. जितके दिवस मांडव होता तितके दिवस आल्यागेल्याला कॉफी त्यांनी स्वतः दिली. शवपेटीपाशी मात्र गेले नाहीत. मुलाने एकदा दंडाला धरून नेऊ पाहिलं, तर त्याचा हात झटकला.

त्यानंतर ते स्टुलावर बसत, पण बोलत नसत. मुलाने मुद्दाम जळकट कॉफी करून पुढे ठेवली, तीही निमूट प्यायले. मुलगा घाबरला आणि आमच्याकडे आला. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. डबा घेऊन मला म्हणाल्या, चल.

खाली त्या टोपी अंकलच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसल्या. त्यांचं मालवणी मी इंग्रजीत करायचं, अंकलचं इंग्रजी त्यांना मालवणीच्या जवळपास नेऊन सांगायचं, असा आमचा कारभार. मग सासूबाईंनी विचारलं, "तो पाण्यात होतो. मगे तू काय केलंस?"

इतकी वर्षं हा किस्सा आम्ही ऐकत होतो. हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता.

अंकल म्हणाले, "फेकलं." काय फेकलं? तर भटारखान्यात तरंगेल असं जे होतं ते सगळं. रिकामी खोकी, पिंपाची झाकणं, बसायचं बाकडं, कांदा चिरायचा पाट. हाताला लागेल ते उचलून कठड्यावरून टाकत राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत. मुख्य स्वयंपाक्याने त्यांना लाथ घातली. बोट बंदराला लागेपर्यंत सगळी चिराचिरी उघड्या लोखंडावर केली. त्यातलं काही टोपी अंकलच्या हाताला लागलं की नाही, कोण जाणे.

माझ्याच्याने राहवलं नाही. "त्यांना हे कधी सांगितलं का नाही?"

अंकलनी माझ्याकडे, डाळीत गूळ घालणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"सांगितलं असतं तर तो थँक यू म्हणाला असता," ते म्हणाले. "थँक यू म्हटलं की माणूस आपल्या घरी जातो. शिव्या द्यायच्या असल्या की रोज येतो."

हे मालवणीत सांगताना माझी फार ओढाताण झाली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि डबा तिथेच ठेवून वर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला बसवर सोडून येते तो सासूबाई खाली, टोपी अंकलच्या खुर्चीत. समोर कॉफी. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अख्ख्या स्टॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्येच्यापेक्षा भांडी धुतलेला पाणी बरा."

अंकलनी मला विचारलं, काय म्हणते? मी जरा सौम्य करून सांगितलं. त्यांनी मान हलवली, नीट सांग म्हणाले. मी नीट सांगितलं.

ते स्टुलावरून उठले. मुलाला बाजूला सारून स्वतः दुसरी कॉफी केली, कप सासूबाईंपुढे आदळला आणि म्हणाले, आवडत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी मुलगा स्टॉल उघडायला आला, तेव्हा सासूबाई त्याच्या आधी येऊन उभ्या होत्या.