अण्णांच्या बाजेतली मोकळी जागा

आईचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिनं नेहमीसारखं आधी माझ्या जेवणाचं विचारलं नाही.

"तुझे अण्णा जेवत नाय्त गं. काल चतकोर भाकरी खाल्ली. आज तीबी नाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. त्याच्या तीन आठवडे आधी ते पाण्याच्या हौदावरून पाय घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. शहरात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, दीड महिना पाय टेकवायचा नाही आणि अंथरूण सपाट हवं, झोळ पडलेलं चालणार नाही. यावर अण्णा दुखणं विसरून हसले होते. "माझ्या बाजेला झोळ? डाक्टरसाहेब, येऊन बुक्की मारून बघा."

ही बुक्की माझ्या आजोबांपासूनची. आजोबा लोकांच्या दारात बसून सुंभाच्या बाजा विणायचे, पण विणून झालेल्या बाजेवर बसून बघायची त्यांना मुभा नव्हती. ते उभ्या उभ्याच मूठ आपटून ताण बघायचे. पुढं तो काळ बदलला, अण्णांना लोक बाजेवर बसवून चहा देऊ लागले, तरी ते आधी बुक्कीच मारायचे. मी लहानपणी त्यांची नक्कल करायचे. ती नक्कल कशाची होती, हे मला कॉलेजात आल्यावर समजलं.

दुपारच्या गाडीनं मी निघाले. आमचं गाव देवगाव रंगारीच्या पुढं आहे. घरात शिरले तर अण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. "आलीस का माय," एवढंच म्हणाले.

आईनं चुलीपाशी हळू आवाजात सांगितलं. "खाल्लं की जावं लागतं. भांडं सरकवायचं तर दोघांनी उचलावं लागतं. मी नि तुझे काका. लई कळ येती त्यांला. कळीचं एक येळ सोड, पण लाज. म्हणून खातच नाय्त."

काका दिवसभर कारखान्यात कामावर असतात. त्यांच्या जागी आता मी हात लावीन, असं मला वाटलं होतं. तसं बोललेही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी आल्यापासून अण्णांनी पाणीसुद्धा जवळजवळ बंद केलं आहे. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बायको आणि भाऊ कसेबसे चालत होते, लेक चालत नव्हती. हे लिहायलाही मला अवघड वाटतं.

त्या दिवशी काकांना सुट्टी होती. त्यांनी तोडगा सांगितला. "आपल्या आत्याला केलं व्हतं तसं करू. बाजेला मधी भोक पाडायचं, खाली घमेलं ठिवायचं. उचलायचं कामच नाय."

आम्हा तिघांना ते पटलं. अण्णांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून खाली घेतात. म्हणून आईनं आधी मोठ्यानं सांगितलं, "बाज नीट करायची म्हणून खाली घेतोय. दुसरं काय नाय." मग त्यांना गोधडीसकट खाली घेतलं आणि आम्ही बाज अंगणात आणली. काकांनी विळा माझ्या हातात दिला. मी थांबले.

"काप की. कालेजात विळा धरायचं इसरलीस व्हय?"

मी सहा पदर कापले. विणलेल्या बाजेला लोखंड लावायचं नाही, हे आमच्या घरात मूल चालायच्या आधी शिकतं. संबंध बाज एकाच सुंभाची असते. एका जागी तुटला की सगळीकडचा ताण जातो. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी विचार केला की सहाच तर पदर आहेत.

तासाभरात कापलेली टोकं सरकत सरकत वीण सैल झाली. अण्णांना वर ठेवलं तशी त्यांची कंबर त्या खड्ड्यात गेली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी दवाखान्यातही ऐकला नव्हता. आम्ही त्यांना परत खाली घेतलं. या वेळी आई काहीच बोलली नाही. काका चप्पल घालून बाहेर गेले.

मी अण्णांच्या शेजारी बसले. "अण्णा, माझं चुकलं."

ते म्हणाले, "किती पदर?"

"सहा."

त्यांनी डोळे मिटले. "इचारायचं व्हतं मला."

मग ते म्हणाले, "भोक पाडायचं नसतं. इणतानाच जागा ठिवायची असती. माळ्यावर सिल्लोडच्या बाजारातून आणलेला सुंभ हाय. भिजू घाल. नि जुन्या बादलीच्या बुडाचं गोल कडं आण. त्याला तुझ्या आईचं जुनं लुगडं गुंडाळ, टोचाय नको."

बाज दोघांनी विणायची असते. एक वीण घालतो, दुसरा समोरून सुंभ ओढून धरतो. आमच्या घरी लहानपणापासून ओढणारी मी. वीण कशी पुढं जाते ते हजार वेळा पाहिलं होतं, पण माझ्या हातांना ती येत नव्हती. आता आई ओढायला बसली. जुना सुंभ सगळा उकलला. बादलीचं कडं चार बाजूंनी बांधून मधोमध टांगलं. अण्णांनी आईला सांगून स्वतःला कुशीवर करून घेतलं. अंगणात चाललेलं काम त्यांना दारातून दिसत होतं.

"दोन वर, दोन खाली. कड्याला येढा मार नि माघारी ये. नाय, तसं नाय. उकल."

मी उकललं. परत घातलं. परत उकललं.

"कालेजात मास्तर एवढं उकलू देत नसत्याल," ते म्हणाले. आई हसली, मग पदरानं तोंड पुसू लागली.

दोन दिवस लागले. माझी बोटं सोलली. कड्याभोवतीची वीण वेडीवाकडी आली. अण्णांच्या हातची तशी कधीच आली नसती. मी बाजेच्या चारी बाजूंनी जुन्या साडीचा पडदा बांधला, म्हणजे खालचं घमेलं कुणाला दिसू नये. आईनं घमेल्यात राख टाकली. काका आले, त्यांनी माझ्याकडं न बघता अण्णांना उचलायला हात लावला.

वर निजवल्यावर अण्णांनी पडल्या पडल्या कडेला बुक्की मारली. मग दुसऱ्या बाजूला.

"पायथ्याला ढिली हाय."

मी पायथ्याची दोरी ओढून पुन्हा बांधली. त्यांनी परत बुक्की मारली आणि हात गोधडीत घेतला. थोड्या वेळानं पाणी मागितलं. आईनं अर्धा तांब्या दिला तर म्हणाले, "भरून दे."

मी उठून बाहेर आले आणि मारुतीच्या पारापर्यंत उगाच चालत गेले. मी घरात नाही हे त्यांना कळावं, एवढंच होतं. परतले तेव्हा आई भाकरी थापत होती.

आता मी वसतिगृहात आहे. परवा वर्गात सरांनी प्रत्येकाला घरी काय करतात ते विचारलं. मी म्हणाले, वडील बाजा विणतात. कुणी हसलं नाही, तरी पुढचा तास मला काहीच ऐकू आलं नाही. बरे झाल्यावर ती बाज उकलायची, असं अण्णांनी आईला बजावून ठेवलं आहे. गावात कुणाला दाखवायची नाही.

रोज फोन केला की मी आधी तेच विचारते.

"किती खाल्ली?"

"दीड भाकरी," काल आई म्हणाली.

"आणि पाय?"

"पाय अजून तसाच हाय."