पडद्यामागची खोली

कोल्हापूरच्या स्टेशनात आबांनी माझी ट्रंक बैलगाडीतून उतरवली आणि हमालाला हातही लावू न देता स्वतःच डब्यापर्यंत नेली. आबा म्हणजे माझे वडील. गुऱ्हाळांवरच्या गुळाच्या ढेपा गाडीत भरून पेठेत पोचवायच्या हा त्यांचा धंदा, त्यामुळे आपलं ओझं दुसऱ्याने उचललेलं त्यांना खपत नसे. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी डब्यात बसून रडत होते आणि आमचे हे गाडी मिरजेला वेळेत पोचेल की नाही याची काळजी करत होते. मी आबांना म्हटलं, नागपूरला या, मला माझ्या घरी तुम्हाला एकदा वाढायचंय. ते म्हणाले, "नातू झाल्याबिगर लेकीच्या घरी घास खायचा न्हाय. तो झाला की येतो. मग चार दिस ऱ्हातो, हाकललंस तरी जात न्हाय." आईने खिडकीतून माझा हात धरला होता. ती म्हणाली, "पत्र टाकत जा. नुसतं खुशाल हाय म्हनून नगं, कसं ऱ्हातीस ते लिव्ह." महाराजांनी शाळा काढल्या म्हणून मला चार अक्षरं येत होती. ती सगळी पुढे पत्रं लिहिण्यातच खर्ची पडली.

हे मलकापूरचे. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा तंबूच्या बायस्कोपाबरोबर आले होते. स्टेशनावरून तंबूचे खांब आणि कनाती वाहायला आबांची गाडी ठरवली होती. सगळी मंडळी गाडीवर चढून बसली आणि हा एकच मुलगा यंत्राची पेटी छातीशी धरून मैदानापर्यंत पायी चालला, एवढ्यावर आबांनी जावई पसंत केला. तंबूतला खेळ आम्ही बायका पडद्याच्या मागच्या बाजूने बघायचो. पुरुष पुढे बसत आणि पडद्याचं कापड ओलं करून ताणलेलं असे, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटं. सगळी माणसं डावखुरी दिसायची आणि अक्षरं आरशातल्यासारखी. मला बरीच वर्षं तोच खरा बायस्कोप वाटत होता.

पुढे कलकत्त्याच्या एका कंपनीने आमच्या तंबूवाल्याचा सगळा पसारा विकत घेतला. कंपनीला तंबू नको होते, यंत्रं आणि ती चालवणारी माणसं हवी होती. कंपनीच्या मालक शेठांना पक्की थेटरं बांधायची होती, एक-दोन नाहीत, सगळ्या हिंदुस्थानभर. आणि त्यांनी ती बांधलीही. एका गावात पत्रे चढत असत तेव्हा पुढच्या गावात जागेची मोजणी चाललेली असे. सगळीकडे नकाशा एकच. दर्शनी बाजूला तिकिटाची खिडकी, आत पुढे जमीन, मग बाकं, मग खुर्च्या, एका कडेला चिकाच्या पडद्याआड बायकांचा सज्जा. पडद्यामागे आता भिंत आली, आणि त्या भिंतीमागे एक खोली, जिच्यात यंत्र फिरवणाऱ्याने बायकोसह राहावं. डाव्या हाताला दार, उजवीकडे मोरी, डोक्यावर पत्रा आणि शेजारी दिव्याला वीज पुरवणारं तेलाचं इंजिन. खेळ सुरू झाला की फळीवरची भांडी थरथरायची. नागपूरची पहिली नेमणूक सोडून आम्ही लाहोरला गेलो तेव्हा मी दार उघडलं आणि हसूच आलं, कारण अंधारातही मला मोरी कुठे आहे ते ठाऊक होतं.

हे सगळं मी आबांना लिहीत असे. माझा धाकटा भाऊ महादू त्यांना वाचून दाखवी. चूल कुठे मांडली, पाण्याची घागर कुठे ठेवली, पत्रा तापला की त्यावर ओलं गोणपाट कसं टाकायचं, सगळं. आईने सांगितलं होतं म्हणून लिहायला लागले, आणि आई गेल्यावर सवय म्हणून लिहीत राहिले. महादूच्या उत्तरात आबांचा निरोप नेहमी एकच असे, त्या इंजिनाजवळ निजू नको म्हणावं. नातवाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मूल मला झालंच नाही. लाहोरला एका मिशनच्या दवाखान्यात गेले, मग एका फकिराकडे, मग दोन्हीकडे जाणं सोडलं. मूल नाही याचं दुःख मी कसंबसं पचवलं असतं, पण त्यामुळे माझा बाप माझ्या घरी जेवायला येणार नव्हता, ते मला पचत नव्हतं. मी एकदा स्पष्ट लिहिलं की रीत बाजूला ठेवा आणि या. उत्तर आलं, लोकं काय म्हणतील. मला राग आला. लाहोरात आमचे कोण लोक बसले होते म्हणायला?

कंपनीच्या रिळांचंही आमच्यासारखंच असे. पत्र्याच्या डब्यातून ती गावोगाव हिंडायची. आधी कलकत्ता, मुंबई, मग लाहोर, नागपूर, आणि सगळ्यात शेवटी लहान गावं, तोवर रीळ चरे पडून आणि तुटून जुनं झालेलं असे. तुटलेल्या जागा हे डिंकासारख्या एका उग्र वासाच्या औषधाने जोडत आणि मी दिवा धरून उभी राहत असे. कोल्हापुरात कंपनीचं थेटर झाल्याचं कळलं तेव्हापासून मी प्रत्येक रिळाकडे एकाच नजरेने बघायला लागले. हे रीळ आता आबांच्या गावाला जाणार, मला मात्र जाता येत नाही.

जाता न येण्याचं कारण मोठं मजेशीर होतं. कंपनीचा नियमच होता की कुणालाही त्याच्या स्वतःच्या किंवा सासुरवाडीच्या गावात नेमायचं नाही. गावचा माणूस दाराशी असला की पावणं-रावळं फुकट आत शिरणार, कुणाला नाही म्हणणार, असं शेठांचं म्हणणं. कोल्हापूरबाबत ते चूक होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमची निम्मी भावकी पहिल्याच खेळाला पुढच्या खुर्चीत जाऊन बसली असती. तरीही मी ह्यांच्यामागे लकडा लावला. ह्यांनी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा नकार आला. तिसऱ्या वेळी दया येऊन म्हणा किंवा कटकट नको म्हणून म्हणा, कंपनीने आम्हाला सोलापूरला टाकलं. सोलापूर म्हणजे मला घराचं अंगणच वाटलं.

तिथे आबा यायला तयार झाले. गुऱ्हाळं संपली की येतो, शिदोरी बांधून आणतो, तुझ्या घरात बसून माझी भाकरी खातो, मग रीतही राहील आणि तुझं मनही, असं त्यांनी कळवलं. मी खोली सारवून घेतली, नवा पाट आणला. मी मनाशी ठरवलं होतं की शिदोरी सोडली की त्यांच्या भाकरीवर माझ्या हातचं पिठलं घालायचंच, बघू काय करतात. गुऱ्हाळं संपत आली आणि कलकत्त्याहून तार आली. रंगूनला नवं थेटर उघडलं होतं, तिथला माणूस आजारी पडला होता, ताबडतोब निघा. हे म्हणाले, नाही म्हटलं तर नोकरी जाईल. ते खरंच होतं. पाट मी शेजारणीला देऊन टाकला.

बोटीने आम्ही रंगूनला गेलो. तिथेही तीच खोली, तीच मोरी. पत्रं मी आता तुटकच लिहायची, खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा. खोलीबद्दल काय लिहायचं? जो आता कधी येणारच नाही त्याला घागरीची जागा सांगून काय उपयोग, असा राग डोक्यात होता. मग ती तापाची साथ आली, घराघरांतून माणसं उचलून नेणारी. आबा तिच्यात गेले. साथीच्या गोंधळात महादूचं पत्र कुठे कुठे अडकून मला पोचलं तोवर त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

त्या श्राद्धाला मी कोल्हापूरला आले. ह्यांना रजा मिळाली होती. विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी हे इथलं यंत्र बघायला थेटरात निघाले आणि मीही बरोबर गेले. दारातली आबांची रिकामी गाडी बघवत नव्हती, एवढंच कारण. हे वर यंत्राच्या खोलीत गेले आणि मी सवयीने थेटराला वळसा घालून मागे गेले. डाव्या हाताला दार. ते एका सुरतेकडच्या बाईने उघडलं. तिचं नाव जमना. तिच्या नवऱ्याला कंपनीने आमच्या गावात टाकलं होतं, जसं आम्हाला तिच्याकडच्या मुलखात टाकलं असतं. मी कुणाची मुलगी ते सांगितलं तशी तिने माझा हात धरला आणि आत ओढलं. तिची मराठी पक्की कोल्हापुरी होती. ती कुणाकडून शिकली ते मला लगेच कळलं.

आबा पहिल्यांदा आले तेव्हा ती घाबरली होती. म्हणे, एक धिप्पाड म्हातारा दारात उभा राहिला आणि म्हणाला, पोरी, जरा खोली बघू दे, माझी लेक परमुलखात अशाच खोलीत राहते. आत येऊन त्यांनी मोरी बघितली, भिंतीला हात लावून इंजिनाची थरथर बघितली, पत्रा किती तापतो ते विचारलं आणि वर ओलं गोणपाट टाकायला सांगितलं. पुढच्या बाजाराला गुळाची ढेप घेऊन आले. मग दर बाजाराला येत राहिले. गूळ पेठेत उतरवला की गाडी थेटरामागे सोडायची आणि इथे येऊन बसायचं. खेळ त्यांनी कधी बघितला नाही.

मी विचारलं, इथे जेवायचे का? मला नाही असं उत्तर हवं होतं की हो, ते मला अजून सांगता येत नाही.

"व्हय की," जमना म्हणाली. "हितं पाटावर बसून जेवायचं. माझ्या रोटलीला हसायचं, कागद हाय का काय म्हनायचं. मी ईचारलं एकदा, आबा, लेकीच्या घरी खात न्हाई म्हनता, मग हितं कसं चालतंय? तर म्हनालं, तू माझी लेक न्हाईस, म्हनून चालतंय. खोली तेवढी तिची हाय."

तिने मला पाट मांडला. मी जेवले. पलीकडे दुपारचा खेळ सुरू झाला आणि फळीवरची तिची भांडी वाजायला लागली. ती सुरतेजवळच्या आपल्या गावाबद्दल काहीबाही सांगत होती आणि मी मान हलवत होते. एकदा ती मोरीत गेली तेव्हा मी पोटभर रडून घेतलं.

तुमच्यातले जे गावात मागे राहिले त्यांनी आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांनीही मला विचारलंय, तुझं घर नेमकं कुठलं? मी इतकी वर्षं उत्तर टाळत आले, कारण दार उघडलं की सगळीकडे एकच खोली असायची. आता सांगते. माझं घर कोल्हापुरातच होतं, थेटराच्या मागे. आबा तिथे आले, बसले, पोटभर जेवले. वाढायला तेवढी मी नव्हते.